कागदावर वाढलेली हवा : इनटेक मॅनिफोल्डच्या खरेदीत झालेली फसवणूक

मिशिगनमध्ये राहणाऱ्या आणि अमेरिकन व्ही-8 गाड्यांची हौस जोपासणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता बरीच आहे. त्यांच्यापैकी कोणी जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील इंजिनासाठी ‘पोर्ट केलेला’, म्हणजे आतून घासून मोकळा केलेला, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा पोहोचवणारा भाग) विकत घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने पैसे भरण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी तो सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी 1999 सालची शेव्हरोले कमॅरो झी-28 आहे. तिच्यात 5.7 लिटरचे एलएस-1 इंजिन असून कारखान्याने त्याची ताकद 305 अश्वशक्ती सांगितली होती. थ्रॉटल बॉडीतून, म्हणजे हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या झडपेतून, आलेली हवा आठ सिलिंडरांना वाटून देणारा मॅनिफोल्ड या इंजिनात नायलॉनचा आहे. 2001 पासून कंपनीने एलएस-1 इंजिनांवरही त्याच मालिकेतील एलएस-6 इंजिनाचा अधिक मोकळा मॅनिफोल्ड बसवायला सुरुवात केली आणि तो थोड्या फेरफाराने जुन्या गाड्यांवरही बसतो, त्यामुळे त्याला आजही चांगली मागणी आहे. याच एलएस-6 मॅनिफोल्डचे आठही रनर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या, आतून घासून रुंद केले आहेत, असे सांगून एका छोट्या वर्कशॉपने तो मला विकला. सोबत फ्लो बेंचवर घेतलेल्या मोजमापांचा तक्ता होता आणि त्यात मूळ मॅनिफोल्डच्या तुलनेत हवेचा प्रवाह ठळकपणे वाढलेला दिसत होता.

फसवणूक मुख्यतः त्या तक्त्यात होती, म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. फ्लो बेंच हे यंत्र ठरावीक दाबफरक निर्माण करून एखाद्या भागातून मिनिटाला किती घनफूट हवा जाते, म्हणजेच किती सीएफएम, ते मोजते. हा दाबफरक पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत सांगतात आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो 28 इंच ठेवतात. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. समजा एखाद्या रनरमधून 25 इंचांवर 250 सीएफएम हवा जात असेल, तर त्याला हातही न लावता 28 इंचांवर तीच मोजणी सुमारे 265 भरेल. हे 15 सीएफएम केवळ बेंचच्या मोटरने जास्त ओढल्यामुळे आलेले असतात, पण तक्त्यात ते कारागिराच्या नावावर जमा होतात. खरेदीपूर्वी मला पाठवलेल्या तक्त्याच्या प्रतीचा तळचा भाग कापलेला होता. पूर्ण कागद मॅनिफोल्डच्या खोक्यातून आला, तेव्हा मूळ मॅनिफोल्डच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत 25 इंच लिहिलेले आढळले, तर विक्रेत्याच्या मॅनिफोल्डखाली दाबाचा उल्लेखच नव्हता. विचारणा केल्यावर ‘आमचा बेंच नेहमी 28 वरच चालतो’ असे ईमेलने उत्तर आले आणि पुढे तेच उत्तर माझा सर्वांत भक्कम पुरावा ठरले.

शंका आल्यामुळे मी मॅनिफोल्ड इंजिनावर कायमचा बसवण्याआधी दुसऱ्या, या व्यवहाराशी काहीही संबंध नसलेल्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या अनुभवी कारागिराने एकच हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) घेतले, हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह एकाच उंचीवर उघडा ठेवला, दोन्ही मॅनिफोल्डना एकच थ्रॉटल बॉडी जोडली आणि आठही रनर 28 इंचांवर ओळीने मोजले. मोजण्याची योग्य रीत हीच आहे, कारण आधी नुसत्या हेडचा प्रवाह मोजून मग मॅनिफोल्ड जोडला की जी घट येते, ती त्या मॅनिफोल्डने केलेली खरी अडवणूक असते. या मोजणीत विक्रेत्याने सांगितलेली वाढ जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली. शिवाय त्याच्या तक्त्यातील ‘आमचा’ आकडा आठांपैकी सर्वांत चांगल्या रनरचा होता, तर मूळ मॅनिफोल्डचा आकडा आठांची सरासरी होती. त्याच कारागिराने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मॅनिफोल्डच्या तोंडाशी गोलाकार कडेचे नरसाळे लावले, तर हवा सुरळीत आत शिरते. तोंड धारदार कडेचे उघडे ठेवले, तर प्रवाह कडेपाशीच आकसतो. एकाला नरसाळे आणि दुसऱ्याला उघडी कड, अशी तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या काट्यांवर तोलणे होय. विक्रेत्याच्या छायाचित्रांत नेमके हेच दिसत होते.

बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा, आत घातल्यावर कामाचे खरे स्वरूप कळले. फ्लँजपासून, म्हणजे इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या कडेपासून, बोट पोहोचते तेवढाच भाग घासून चकचकीत केलेला होता. त्यापुढे कारखान्यातून आलेला पृष्ठभाग जसाच्या तसा होता. हा मॅनिफोल्ड नायलॉनचे वेगवेगळे तुकडे वितळवून जोडलेला असतो. एका रनरमध्ये घासताना या जोडापर्यंत छेद गेला होता आणि तो बाहेरून काळ्या इपॉक्सीने बुजवून लपवला होता. आत धूर सोडून गळती शोधण्याच्या, म्हणजे धुराच्या चाचणीत तिथून धूर स्पष्ट बाहेर आला. हा दोष केवळ पैशांचा नाही. अशा फटीतून आत येणारी हवा आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर-मास सेन्सरला टाळून जाते, त्यामुळे इंजिनाच्या संगणकाला तिची मोजणी मिळत नाही आणि त्या सिलिंडरच्या मिश्रणात इंधन कमी पडते. बुजवलेली जागा प्रवासात पूर्ण उखडली असती, तर तिचा तुकडा थेट व्हॉल्व्हवर गेला असता. दुसऱ्याच्या इंजिनाबाबत इतकी बेपर्वाई दाखवणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात आजही संताप आहे.

विक्रेत्याने डायनोचे, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, दोन आलेखही दिले होते. मूळ मॅनिफोल्डचा आलेख एसएई जे-1349 या, हवामानाचा फरक वजा करणाऱ्या दुरुस्ती-पद्धतीने काढलेला होता आणि त्याच्या मॅनिफोल्डचा ‘एसटीडी’ पद्धतीने. एसटीडी पद्धत थंड आणि अधिक दाबाची हवा गृहीत धरते, म्हणून त्याच चाचणीचा आकडा सुमारे 4 टक्के जास्त दिसतो. म्हणजे 300 अश्वशक्तीवर साधारण 12, तीही एकही बोल्ट न फिरवता.

प्रामाणिकपणे घेतलेल्या फ्लो बेंचच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. बेंचवर हवा सलग वाहते, तर इंजिनात ती व्हॉल्व्हच्या उघडझापीबरोबर लाटांनी येते. या लाटांचा उपयोग रनरच्या लांबीवर ठरतो. लांब रनर इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांवर टॉर्क (ओढण्याचा जोर) देतात आणि आखूड रनर वरच्या फेऱ्यांवर ताकद. त्यामुळे बेंचवर सरस ठरलेला आखूड रनरचा मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या गाडीला रोजच्या चालवण्यात कमजोरही करू शकतो, आणि रनरची लांबी व प्लेनमचे (रनरांना हवा पुरवणाऱ्या सामाईक पोकळीचे) आकारमान न सांगता केवळ सीएफएम सांगणारा विक्रेता निम्मीच माहिती देत असतो.

विक्रेत्याने परतावा नाकारला. मी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते, म्हणून बँकेकडे लेखी तक्रार केली. 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या मालाबद्दल अशी तक्रार करता येते. दुसऱ्या दुकानाचा मोजणीचा अहवाल, बोअरस्कोपची छायाचित्रे आणि दाबाविषयीचा तो ईमेल जोडल्यावर मॅनिफोल्डची रक्कम परत मिळाली. तपासणीचा खर्च मात्र गेला. या तक्रारीची 60 दिवसांची मुदत बँकेने विवरणपत्र पाठवल्यापासून मोजली जाते. अनेक जण हिवाळ्यात सुटे भाग विकत घेतात आणि वसंतात गाडी बाहेर काढताना बसवतात. तोवर ही मुदत संपून गेलेली असते, म्हणून खोके आले त्याच आठवड्यात बोअरस्कोप, धुराची चाचणी आणि शक्य असल्यास त्रयस्थ बेंचवरची मोजणी उरकून घ्यावी.