पायाला गुंडाळायचं हवेच्या दाबाचं मसाजर: सात महिन्यांनंतर

आधी त्या हीटच्या बटणाचं बोलू. मशीन सुरू केलं की हीट आपोआप सुरू होते, कालच बंद केलेली असली तरी. पायातली चप्पल निसटलेली ज्यांना कळत नाही, अशा मधुमेही पायांसाठी ही रचना करणाऱ्याला काय म्हणावं? चटका जाणवतच नाही, दुसऱ्या दिवशी थेट फोड दिसतो. म्हणून क्रम असा: मशीन मोकळंच सुरू करायचं, हीट बंद करायची, मगच पट्टे बांधायचे. मध्ये वीज गेली तर पट्टे सोडून पुन्हा पहिल्यापासून.

दाबाला लेव्हल १, २, ३. म्हणजे नेमका किती, ते माहितीपत्रकातही नाही. २ पुरते, २० मिनिटं, आत सुती मोजा घालून.

दोन महिन्यांनी विचारलं असतं तर 'रक्ताभिसरण सुधारलं' असंच उत्तर मिळालं असतं. आता नाही. संध्याकाळची घोट्याची सूज उतरते, हे खरं. पण ते नीलांमधलं रक्त आणि साचलेलं पाणी वर ढकलल्यामुळे. चालताना पोटरीत गोळा येतो तो रोहिणी अरुंद झाल्याने, आणि तो या मशीनला दाद देत नाही. त्याला चालणंच लागतं: गोळा येईपर्यंत चाला, थांबा, उतरला की पुन्हा चाला. अशी ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. फुकटात. तळव्याला जखम असेल तर मात्र आधी डॉक्टर.

घ्यायचंच असेल तर आधी एबीआय तपासा, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा. ०.९ च्या खाली म्हणजे रोहिणीत अडथळा, ०.५ च्या खाली असेल तर हे घरात आणूच नका. १.४ च्या वर आला म्हणून खूश होऊ नका: मधुमेहात रोहिणीच्या भिंतीत चुना साठतो, ती दबत नाही आणि आकडा फुगतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर मशीन अजिबात नको, आत रक्ताची गाठ असू शकते.

पाचव्या महिन्यात वेल्क्रो सुटायला लागला. सर्व्हिसवाल्यांना अख्खा संच हवा, कुरिअर आपल्या खर्चाने! शिंप्याकडून नवी पट्टी शिवून घेतली, काम झालं. नळीच्या टोकातून हवा फुसफुसली तर सैल पडलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा घट्ट बसवायचं. हीटच्या बटणावर मात्र शिंप्याकडेही इलाज नाही.