प्रक्षेप्य गती: तयार सूत्रे की वेगाचे घटक?

बेळगाव-खानापूर भागात मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेला विद्यार्थी पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) विज्ञान शाखेत आला की प्रक्षेप्य गतीची, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूच्या गतीची, गणिते कशी सोडवायची हे पहिल्या काही महिन्यांतच त्याला ठरवावे लागते. उड्डाणकाल (वस्तू हवेत राहते तो काळ), महत्तम उंची आणि पल्ला (तिने कापलेले आडवे अंतर) यांची सूत्रे पाठ करावीत, की प्रत्येक गणितात वेगाचे आडवा आणि उभा असे घटक पाडावेत? मी आधी सूत्रांच्या वाटेने गेलो. विस्थापनाला वर्गात अचानक ‘डिस्प्लेसमेंट’ म्हणू लागले होते आणि त्या गोंधळात सूत्रांचाच आधार वाटला.

सूत्रांनी वेळ वाचतो हे मान्य करायलाच हवे. कर्नाटकच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे 60 प्रश्न 80 मिनिटांत सोडवायचे असतात. सपाट मैदानावरच्या चेंडूचा पल्ला सूत्राने एका ओळीत निघतो.

मात्र वस्तू जिथून फेकली त्याच पातळीवर पडली पाहिजे, ही अट त्या सूत्रांत दडलेली आहे. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मला 15 मीटर उंच इमारतीवरून, क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करून, सेकंदाला 20 मीटर वेगाने वर फेकलेला चेंडू किती दूर पडेल, असा प्रश्न आला. गुरुत्व त्वरण 10 धरून मी पल्ल्याचे सूत्र लावले, उत्तर 34.6 मीटर आले आणि मी समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळलो. इमारतीची उंची आपण कुठेच वापरलेली नाही, हे मला पेपर हातात मिळेपर्यंत कळले नाही. चुकीच्या जागी लावलेले सूत्र अडत नाही, बिनबोभाट उत्तर देते. माझा त्यावरचा विश्वास तिथेच उडाला.

आता भाचीला हेच गणित शिकवताना मी पानाच्या मधोमध रेघ मारायला सांगतो. डावीकडे आडवी गती: हवेचा रोध सोडला तर त्या दिशेने बलच नाही, म्हणून न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे 20 चा आडवा घटक, म्हणजे 17.3 हा वेग, शेवटपर्यंत तसाच राहतो. उजवीकडे उभी गती: वजन हे एकच बल, सुरुवातीचा वेग (20 चा उभा घटक) वरच्या दिशेने 10, विस्थापन खालच्या दिशेने म्हणून उणे 15. यातून काळ 3 सेकंद निघतो, तो डावीकडे नेला की अंतर जवळजवळ 52 मीटर येते. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीची हीच फोड केली होती. भाचीला ती पटली ती दोन नाण्यांमुळे: टेबलाच्या कडेवरून एक नाणे टिचकीने उडवले, दुसरे त्याच क्षणी नुसते सोडले, आणि शहाबादी फरशीवर दोन्हींचा एकच आवाज आला.

या पद्धतीत वेळ अधिक जातो आणि उणे चिन्ह निसटण्याची भीती राहते, हे खरे. परीक्षा महिन्यावर आली असेल, तर सूत्रे सोडा असे मी कोणाला म्हणणार नाही. पण हाती पूर्ण वर्ष असेल, तर निदान पहिली वीस-पंचवीस गणिते रेघ मारूनच करावीत, आणि पल्ल्याचे सूत्र त्या दोन रकान्यांतून एकदा स्वतः काढून मगच वापरावे, असे मला वाटते.