समोरच्याला पत्ते वाटून जिंकण्याचे सात महिने

गेल्या मंगळवारी रात्री डिचोलीत पावसाबरोबर वीज गेली, घरातले वाय-फाय बंद पडले, आणि मोबाइलचा डेटा सुरू करून मी हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळातल्या सामन्यात परत शिरेपर्यंत माझी पाळी निघून गेली होती. प्रतिस्पर्ध्याच्या डेकमध्ये, म्हणजे ओढायच्या पत्त्यांच्या गड्डीत, तेव्हा एकही पत्ता शिल्लक नव्हता आणि माझ्या हातात ब्रॅन ब्रॉन्झबियर्ड, कोल्डलाइट ओरॅकल आणि शॅडोस्टेप हे तिन्ही पत्ते एकत्र आले होते. पुढच्या पाळीत त्याने मला संपवले. वीस मिनिटांची बांधणी अशी गेल्यावर झोप येईना, म्हणून डिसेंबरपासून या डेकने मला काय दिले आणि माझ्याकडून काय घेतले, ते लिहायला बसलो.

हार्थस्टोन खेळणाऱ्यांना ‘मिल’ हा समोरच्याचा डेक संपवून जिंकण्याचा प्रकार ऐकून माहीत असतो, पण नेटाने खेळणारे थोडे. ‘रोग’ (Rogue) या वर्गाच्या पात्राचा हा डेक प्रतिस्पर्ध्यावर थेट चालून जात नाही, तर त्याला पत्ते देत राहतो. ओरॅकल टाकला की दोघांनाही दोन-दोन पत्ते मिळतात. हातात १० पत्ते असतील तर अकरावा जळून जातो, आणि डेक रिकामा झाल्यावर प्रत्येक ओढीला थकव्याचा मार आधी १, मग २, मग ३ असा चढत जातो. सात ओढींत २८ आणि आठव्या ओढीला एकूण ३६, म्हणजे ३० जीव असलेला वीर (खेळाडूचे पात्र) आठव्या ओढीला उरत नाही. ब्रॅन असताना ओरॅकलचा परिणाम दोनदा होतो. त्यामुळे ब्रॅनचे ३ माना (पत्ता टाकायला लागणारी ऊर्जा), ओरॅकलचे ३, शॅडोस्टेपने फुकट हातात परत घेऊन स्वस्त झालेल्या ओरॅकलचा १, अशा अवघ्या ७ मानांत दोघांनाही आठ-आठ पत्ते ओढावे लागतात. मंगळवारी माझ्या हातात नेमके हेच होते.

या खेळावर एक रुपयाही खर्च करायचा नाही, असे मी पहिल्या दिवसापासून ठरवले आहे, आणि या डेककडे वळण्याचे खरे कारण तेच होते. ओरॅकल २०१८ पासून स्टँडर्ड या नव्या पत्त्यांच्या प्रकाराबाहेर गेला, त्यामुळे तो फक्त वाइल्डमध्ये, म्हणजे जुने पत्तेही घेणाऱ्या प्रकारात, चालतो. पण रेअर दर्जाचा असल्याने १०० डस्टमध्ये (पत्ते मोडून मिळणारी, नवे पत्ते बनवायची भुकटी) तयार होतो. गँग अप हा डेकमधला दुसरा पत्ता तर ४० डस्टमध्ये मिळतो. अडचण एकट्या ब्रॅनची होती, कारण तो लेजंडरी, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा; असा पत्ता बनवायला १६०० डस्ट लागते आणि लेजंडरी मोडल्यावर केवळ ४०० हाती येते. एका ब्रॅनसाठी मी चार लेजंडरी मोडल्या. त्यांपैकी दोन मी कधीही खेळलो नव्हतो, तरी मोडताना जिवावर आले, आणि पहिले दोन महिने हा व्यवहार चुकला असेच माझे मत होते.

तेव्हा मी ओरॅकल हातात येईल तेव्हा टाकत असे. समोरच्याच्या हातात चारच पत्ते असले, तर त्याला आणखी दोन देणे म्हणजे त्याच्या चुलीत आपले सरपण घालणे, हे मला कळत नव्हते. शिगम्याला आतेभाऊ घरी आला आणि शेजारी बसून त्याने तीन सामने पाहिले. तो म्हणाला, “अरे, तू त्याला पत्ते देतोस, पण त्याचा हात मोजत नाहीस. आणि गँग अप शेवटपर्यंत राखून कशाला ठेवतोस?” त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. समोरच्याच्या हातात किमान नऊ पत्ते होईपर्यंत मी शक्यतो ओरॅकल टाकत नाही. नऊ असताना एक पत्ता जळतो, दहा असताना दोन्ही. अपवाद एकच: पाचव्या पाळीलाच एक ओरॅकल टाकून त्यावर गँग अप करतो, म्हणजे त्याच्या तीन प्रती माझ्या डेकमध्ये जातात. त्यामुळे डेक आधी समोरच्याचा संपतो. हात भरलेला असताना सॅप या पत्त्याने परत पाठवलेला त्याचा पटावरचा मोठा मोहरा हातात न जाता नष्ट होतो, हेही मी तेव्हाच नीट वापरू लागलो. ब्रॅनविषयीचे माझे मत एप्रिलमध्ये पूर्ण बदलले. त्या १६०० डस्टबद्दल आता मला काहीही वाटत नाही.

आता पाळीची वेळ दाखवणाऱ्या जळत्या वातीविषयी. प्रत्येक पाळीला ७५ सेकंद मिळतात आणि वेळ संपत आली की पटाच्या मध्यावर वात पेटते. इतर डेक खेळणाऱ्यांना तिचे विशेष काही वाटत नसेल, पण हा डेक खेळताना माझे अर्धे लक्ष तिच्यावरच असते. हातात दहा पत्ते असलेला प्रतिस्पर्धी साहजिकच विचार करतो, आणि त्याने पंधरा पाळ्या पूर्ण वेळ घेतला तर त्याचीच पावणेएकोणीस मिनिटे होतात. त्यातले काही जण हरणार हे कळल्यावर मुद्दाम वात जळू देतात, आणि मला खरा राग त्याचाच आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे संध्याकाळी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. सामना जितका लांबेल तितका तो वीज जाण्याच्या वेळेत सापडतो. राउटरसाठी बॅटरी घेण्याचा विचार केला, पण फुकटच्या खेळासाठी तो खर्च मनाला पटला नाही. ब्रॅनच्या पाळीत तर आठ-आठ पत्ते दोन्ही बाजूंना येताना पडद्यावर इतका वेळ जातो की वात पेटण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच ब्रॅन टाकावा लागतो. हे समजण्यापूर्वी मी दोन जिंकलेले सामने घालवले आहेत.

वेगवान डेकसमोर ही युक्ती आजही चालत नाही. त्यांना पत्ते दिले की ते पुढच्याच पाळीत ते माझ्यावर रिकामे करतात. प्रिन्स रेनाथल या पत्त्यामुळे होणारा ४० पत्त्यांचा डेक समोर आला तर दहा पत्ते जास्त संपवावे लागतात आणि त्याचा जीवही जास्त असतो, म्हणून रात्री आठनंतर तो दिसला की मी सरळ सामना सोडतो. दुपारी मात्र खेळतो, आणि त्याच्या डेकमधला चाळिसावा पत्ता जळताना पाहण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कोणत्याही डेकने दिलेला नाही.

डेक मोडणार नाही. पावसाळाभर तो सकाळी कामाला निघण्यापूर्वी खेळायचा, वाय-फाय बंद ठेवून मोबाइलच्या डेटावर आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना, असे ठरवले आहे. बुधवारी सकाळी तसाच खेळलो. समोरच्याने शेवटच्या तीन पाळ्यांत वात पूर्ण जळू दिली, आणि आठव्या थकव्याला तो पडला तेव्हा माझ्या डेकमध्ये एक ओरॅकल उरला होता.