दिल्ली पासिंगची डिझेल गाडी आणि माझे ११ लाख ४० हजार

‘दिल्लीची डिझेल सेडान स्वस्तात मिळतेय, घेऊ का?’ असं या महिन्यात मला तिघांनी विचारलं. तिघांनाही मी अर्धंच सांगितलं, कारण पूर्ण सांगायची लाज वाटली. आता आकड्यांसकट सगळं लिहितो.

१८ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळच्या हायवेवरच्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डातून मी २०१६ ची जर्मन सेडान घेतली. दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, दिल्ली पासिंग, मीटरवर ६१,३०० किलोमीटर. व्यवहार ११,४०,००० ला ठरला. त्यातले २५,००० टोकन, ८,१५,००० आरटीजीएस आणि ३,००,००० रोख. बिल मिळालं ८,४०,००० चं. ‘रोख दिलेत तर शेवटचे चाळीस हजार सोडतो’ असं यार्डवाला म्हणाला, आणि मी बँकेतून तीन लाख काढून त्याच्या टेबलावर ठेवले. कुणीही काहीही सांगो, बिलात न येणारा एक रुपयासुद्धा देऊ नका.

मी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. शेतीपंप आणि डिझेल इंजिनांच्या स्पेअर पार्टचं माझं सतरा वर्षांचं दुकान आहे. मीटर मागे घेतात, पाण्यात बुडालेली गाडी पॉलिश करून विकतात, हे तुम्हाला माहीत आहे तसं मलाही माहीत होतं. म्हणूनच पहिला प्रश्न विचारला की नवीन असताना ३८ लाखांची ही गाडी इतक्या कमीत कशी? त्याचं उत्तर खरं होतं. तेव्हा दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवता येत नव्हती. हरित लवादाचा २०१५ चा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो २०१८ मध्ये कायम केला. ऑगस्ट २०१६ ची गाडी म्हणजे तिथल्या मालकाकडे दीड वर्ष उरलेलं. म्हणून तिकडचे लोक आधीच विकून मोकळे होत होते आणि गाड्या आपल्याकडे येत होत्या. मी घरी येऊन हे सगळं तपासलं, सगळं बरोबर निघालं आणि मनातली शंका संपली. स्वस्ताईचं एक खरं कारण सापडलं की माणूस दुसरं कारण शोधायचं थांबतो. मी थांबलो.

आता तो क्षण. तो आठवला की आजही रात्री झोप लागत नाही.

गाडी बघायला मी वडिलांना, अण्णांना, घेऊन गेलो होतो. अण्णा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. ते सीटवर बसले, चप्पल काढली आणि ब्रेकवर पाय फिरवला. मग वाकून अंगठ्यानं पेडलचं रबर चाचपलं. मला म्हणाले, ‘ह्या रबराच्या रेघा गेल्यात. साठ हजारांत रेघा जात न्हाईत. गाडी लई पळालीय.’ यार्डवाला जवळच उभा होता. तो लगेच म्हणाला, ‘बाबा, ऑटोमॅटिकला क्लच नसतो, सगळं काम ब्रेकवर. त्यात दिल्लीचं ट्रॅफिक.’ हेही ऐकायला पटण्यासारखंच होतं. आणि मी, त्या परक्या माणसासमोर, माझ्या वडिलांना म्हणालो, ‘अण्णा, ही एसटी नाहीये.’

अण्णा खाली उतरले, चप्पल घातली आणि गप्प बसले. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आजवर एकदाही ‘मी म्हणालो होतो’ असं त्यांनी म्हटलेलं नाही.

दुसरी खूणही समोरच होती. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा फोन करून गेलो आणि तिन्ही वेळा बॉनेट गरम होतं. ‘आत्ताच एक पार्टी ट्रायल घेऊन गेली.’ टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी, सैल असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते, गरम झाल्यावर बरेचदा दबते. डिझेल इंजिनाचे पार्ट विकणाऱ्याला हे कळायला हवं होतं. न सांगता सकाळी सातला जा. आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर परत फिरा.

मेमध्ये खंबाटकीच्या चढावर गाडीची ताकद गेली, इंजिनचा दिवा लागला आणि पुढून साखळी ओढल्यासारखा आवाज यायला लागला. टोइंगचे १४,५०० गेले. या इंजिनाची चेन मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, म्हणजे ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बिल झालं १,८६,४००. फिटरनं स्कॅनर लावला आणि मला आत बोलावलं. मीटरवर तेव्हा ६४ हजारांच्या आसपास होते, गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, १,९१,०००. मीटर बदलणाऱ्यानं डॅशबोर्डचा आकडा खाली आणला होता, बाकीच्या मॉड्यूलना हात लावला नव्हता. मग मी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसी नंबर घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. मार्च २०२२ ची सर्व्हिस, रीडिंग १,४३,८७०.

ही चौकशी मी टोकन देण्याआधी केली असती तर एवढं रामायण झालं नसतं. यार्डवाल्यानं मला ‘सर्व्हिस हिस्ट्री’ म्हणून एक छापील कागद दिला होता. तो त्यानं स्वतः छापलेला होता. कागद घेऊ नका, गाडी घेऊन वर्कशॉपला चला म्हणा, आणि तो तिथं यायला काचकूच करू लागला की व्यवहार संपला असं समजा.

पासिंगचंही तसंच. ‘साठ हजारांत एमएच करून देतो’ हे तोंडी. एनओसी हातात आली ती भलत्याच जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाच्या नावाची. ती दुरुस्त करून आणण्यात अडीच महिने गेले. शिवाय आपल्याकडचा एकरकमी कर तुम्ही दिलेल्या किमतीवर लागत नाही. गाडी नवीन असतानाच्या किमतीवर, वयाप्रमाणे घट धरून लागतो. एजंटसकट २,५८,५०० गेले. सगळं मिळून १५,९९,४००. एवढ्यात मला गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांची एकहाती, इथलीच पासिंगची गाडी मिळत होती, आणि ती मी ‘रंग आवडला नाही’ म्हणून सोडली होती.

यार्डवाल्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘दादा, आम्हालाही गाडी अशीच आली.’ मग बिलाच्या खालची बारीक ओळ दाखवली, ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’. मग फोन उचलणंच बंद केलं.

खरा संताप याच्या पुढचा आहे. आमच्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, व्यवहार पुण्याकडे झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर दोन तास बाकावर बसवून सांगितलं, ‘हा दिवाणी मामला आहे, वकील करा.’ मी म्हटलं, आकडा बदलून माल विकला ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. त्यावर साहेब म्हणाले, ‘मीटर त्यानंच बदललं हे तुम्ही पाहिलंत का?’ आणि तीन लाख रोख म्हटल्यावर, ‘पावती?’ दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, हे मी सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेवटी एक साधा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि तिसऱ्या खेपेला तो अर्ज कुठं आहे हे तिथं कुणालाच सांगता येईना.

परिवहन कार्यालयात तर आणखी वाईट. पासिंगच्या वेळी निरीक्षकानं चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला, मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं तर उत्तर, ‘ते आमचं काम नाही.’ आरसीवर रीडिंगचा रकानाच नाही! चाळीस लाखांच्या गाडीच्या मालकाचं नाव, पत्ता, रंग, बोजा सगळं सरकारकडे नोंदलेलं, आणि गाडी किती चालली हे कुठेच नाही. मीटर मागे घेणाऱ्याला आणखी काय हवं? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचं प्राधिकारपत्र लागतं, असा नियम आहे. या यार्डाकडे ते आहे का, एवढंच मी विचारलं. खिडकीवरून सांगितलं, माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून केला. महिन्यानं उत्तर आलं, ‘सदर माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ मग परवाना देतं कोण? आणि बघतं कोण? तुम्ही यार्डात गेलात की आधी ते प्राधिकारपत्र मागा, फोटो काढा.

वर्कशॉपनंही हात वर केले. ज्या मुलानं स्क्रीन दाखवली, त्याच्याच मॅनेजरनं लेटरहेडवर रीडिंग द्यायला नकार दिला. ‘आधीच्या मालकाची माहिती आहे, देता येत नाही.’ आरसी माझ्या नावावर झाल्यावर पुन्हा गेलो, तरी तेच. स्क्रीन दाखवली तेव्हा खिशातला मोबाइल काढून फोटो घ्यायचं मला सुचलं नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल ८,४०,००० चं, म्हणून फी २०० रुपये. माझे तीन लाख तिथंही मोजले गेले नाहीत. दोन तारखा झाल्या, समोरचा एकदाही आला नाही. वकील म्हणतात, स्कॅनरची प्रिंट एका खासगी गॅरेजची आहे, ती टिकेलच असं नाही. वर्कशॉपचं रेकॉर्ड आयोगामार्फत मागवावं लागेल.

तसा अर्ज आता देतो आहे. तुमच्यापैकी कुणी ग्राहक आयोगात मीटरची तक्रार जिंकली असेल, तर वर्कशॉपचं रेकॉर्ड कसं मागवलंत आणि त्यांनी ते किती दिवसांत दिलं, तेवढं मला सांगा.