कॅपिस्ट्रानो आठ महिने वापरल्यावर: धास्ती कुठे गेली, कुठे उरली

कॅपिस्ट्रानो म्हणजे ॲपचा नवा कोड सर्व्हरवर आपोआप चढवणारं, म्हणजे डिप्लॉय करणारं साधन. आधी आमचं रेल्स (रूबी भाषेतली वेब चौकट) ॲप सर्व्हरवर चढवायचं म्हणजे रात्री अकरानंतर एसएसएचने (दुरून) सर्व्हरच्या आत शिरायचं, मग गिट पुल (नवा कोड आणणं), बंडल इन्स्टॉल (जेम्स म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी बसवणं), मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं), प्यूमा (ॲप चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट. सर्व्हर दोन, म्हणून सगळं दोनदा. एकदा दुसऱ्यावर बंडल इन्स्टॉल राहून गेलं आणि निम्म्या ग्राहकांना सकाळपर्यंत एररचं पान दिसत राहिलं. त्याच आठवड्यात कॅपिस्ट्रानो बसवलं.

याची खरी करामत एका सिमलिंकमध्ये, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंकमध्ये आहे. दर डिप्लॉयला 'रिलीजेस' फोल्डरमध्ये नवा फोल्डर बनतो. कोड, जेम्स, ॲसेट्स (सीएसएस, जावास्क्रिप्ट वगैरे) तिथे तयार झाले की मगच 'करंट' ही लिंक त्याच्याकडे वळते. ॲसेट्स बनताना गाडी अडली, तरी चालू साइटला धक्का नाही. मागचे रिलीज ठेवलेले असतात (न सांगता 5), त्यामुळे रोलबॅक, म्हणजे मागच्या रिलीजवर परत जाणं, एका कमांडचं काम. फोल्डरच्या नावातली वेळ मात्र यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ). रात्री 11 चा रिलीज 1730 असा दिसतो. लॉग जुळवताना साडेपाच तास मिळवा.

बसवायला दोन दिवस गेले, तेही शेअर्ड फोल्डरपायी (सगळ्या रिलीजना सामायिक फाइलींची जागा). डेटाबेसची वायएमएल फाइल, मास्टर की (गुप्त सेटिंग उघडणारी किल्ली) आधी हाताने सर्व्हरवर ठेवावी लागते, नाहीतर पहिला डिप्लॉय तिथेच थांबतो. आणि ग्राहकांच्या अपलोडचा फोल्डर लिंक्ड डिर्समध्ये (रिलीज बदलला तरी टिकणाऱ्या फोल्डरांची यादी) घालायला विसरू नका. विसरलात तर पुढच्या डिप्लॉयला फोटो गायब. ते जुन्या रिलीजमध्ये सापडतात, पण काही डिप्लॉयनंतरच्या सफाईत तेही जातात. हे पहिल्याच दिवशी तपासा.

कोड लॅपटॉपवरून जात नाही, गिटच्या रिपॉझिटरीतून जातो. पुश केलं नसेल (कोड तिथे पाठवला नसेल) तर जुनाच कोड चढतो आणि डिप्लॉय यशस्वी म्हणून सांगतो.

डेटाबेसची धास्ती तेवढी उरली. तिसऱ्या महिन्यात मी एक कॉलम काढणारं मायग्रेशन चालवलं, नवीन कोडमध्ये बग निघाला, रोलबॅक केला. लिंक मागे गेली, कॉलम परत आला नाही, आणि जुना कोड तोच कॉलम मागत बसला. चाळीस मिनिटं साइट बंद होती. तेव्हापासून कॉलम काढणं दोन डिप्लॉयमध्ये करतो: आधी कोडमधला वापर काढायचा, आठवडाभर थांबायचं, मग कॉलम.

रेल्स 8 सोबत आता कमाल हे डिप्लॉयचंच दुसरं साधन येतं, पण त्याला डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारी प्रणाली) लागतं. आमच्या दोन सर्व्हरसाठी कंटेनरचा पसारा नको, म्हणून कॅपिस्ट्रानोच ठेवतोय.