बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले, आणि सात महिने आम्हाला 'एडिटिंग चालू आहे' एवढंच सांगत राहिले

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं सीझन सुरू होतो, बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही बघा, चांगल्या मुहूर्ताला सगळी कार्यालयं फुल्ल असतात आणि फोटोग्राफर घाईघाईत ठरवला जातो. आम्हीपण घाईतच ठरवला. जरा मोठं लिहायलोय, खरं ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी पूर्ण वाचा.

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. स्टुडिओचं नाव लिहीत नाही. इन्स्टावर त्यांचे फोटो बघून आम्ही गेलो, ८५ हजारांचं पॅकेज ठरलं, दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, ड्रोन आणि १२ बाय ३६ चा ४० शीटचा अल्बम. मालक बोलायला इतका गोड की बाबांनी पावतीपण मागितली नाही, सगळा हिशेब त्याच्या व्हिजिटिंग कार्डच्या मागं पेनानं लिहिलेला. २० हजार ऍडव्हान्स दिले, हळदीच्या दिवशी ४० हजार.

लग्नादिवशी मालक दहा मिनिटं येऊन गेला. त्या दिवशी त्यानं तीन लग्नं घेतली होती हे आम्हाला नंतर कळालं. आमच्याकडं दोन पोरं पाठवलेली, त्यातल्या एकाला अंतरपाट कधी काढतात हेपण माहीत नव्हतं, माझा मामाच त्याला पुढं ओढून उभा करत होता. तरी आम्ही काही बोललो नाही, कार्यात कोण भांडणार.

जूनमध्ये विचारलं तर 'सर, एडिटिंग चालू हाय'. गणपती झाले तरी तेच. दसऱ्याला म्हणाला अल्बम डिझायनरकडं आहे, उरलेले २५ हजार टाका मग प्रिंटला देतो. आणि त्याच आठवड्यात बहिणीचे हळदीचे चार फोटो त्याच्या इन्स्टावर जाहिरातीसाठी, आम्हाला एकपण फोटो मिळालेला नसताना! विचारायचं तर सोडाच, साधं कळवलंपण नाही. तेव्हा आमच्या चुलतभावाला संशय आला, त्यानं स्टुडिओच्या पेजवरचे जुने फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघितले, तर राजवाड्यातलं जे लग्न बघून आम्ही भाळलो होतो ते दुसऱ्याच कुणाच्या पेजवर दोन वर्षं आधीपासून होतं. आमच्या लग्नाचं सोडा, दाखवलेलं कामच त्याचं नव्हतं.

डिसेंबरमध्ये आम्ही चौघं दुकानात जाऊन बसलो. मालक आतबाहेर करत होता, शेवटी त्या पोरांपैकी एकानंच खाली मान घालून सांगितलं, 'दादा, मुहूर्ताचं मेमरी कार्ड त्याच रात्री एरर दाखवायलं होतं.' म्हणजे मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंतचं सगळं एकाच कार्डात होतं. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असून दुसरा स्लॉट रिकामा. आणि दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं म्हणून ते कार्ड सकाळी फॉरमॅट करून परत वापरलं.

ते कार्ड मी मागून घेतलं, आणि टिळकवाडीत माझा मित्र कॉम्प्युटरचं काम करतो त्याच्याकडं नेलं. त्यानं समजावून सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. साध्या फॉरमॅटनं फोटो लगेच पुसले जात नाहीत, फक्त त्यांची यादी जाते, त्यावर नवीन फोटो पडत गेले की मग ते जातात. त्या रात्री कार्ड बाजूला काढून ठेवलं असतं आणि आम्हाला एक फोन केला असता तर बरेचसे फोटो परत मिळायची शक्यता होती. सात महिने त्यावर दुसऱ्यांची लग्नं चढली. कार्डाच्या अगदी शेवटचा भाग कमी भरला गेला होता तेवढ्यातून आमचे अकरा फोटो निघाले, सगळे पाठवणीचे. त्यातल्या एकात आजीनं बहिणीचा चेहरा दोन्ही हातात धरलाय, वरचा अर्धा फोटो स्वच्छ, आजीच्या मनगटाच्या खाली सगळं राखाडी. आजी ऑक्टोबरमध्ये गेली. तिचा त्या दिवशीचा आमच्याकडं तेवढाच फोटो आहे.

कार्ड कुणाचंही खराब होतं हो. माझ्या आईबाबांच्या लग्नात शहापूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचा रोल कॅमेऱ्यात चढलाच नव्हता, ३६ पैकी एकपण फोटो नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः घरी आला, हात जोडून सांगितलं, आईला शालू परत नेसायला लावला आणि पैसे न घेता बारा फोटो काढून गेला. ते फोटो आज आमच्या सोप्यात लावलेत आणि बाबा अजून त्या माणसाचं नाव आदरानं घेतात. आम्हाला राग कार्डाचा नाही, सात महिने तोंडावर खोटं बोलून वर २५ हजार मागितले त्याचा आहे.

पुढं काय केलं ते सांगतो. वकिलांकडून नोटीस पाठवली, व्हॉट्सअपचे मेसेज आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडले, तर ३५ हजार परत आले. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायलोय. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असली तर फी नाही, खरं दोन वर्षांच्या आत करायला लागते. आधी सल्ला पाहिजे तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइन नंबरला फोन करा. आणि आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपणच, वेगळा करार केला नसेल तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं आहे, त्यामुळं न विचारता जाहिरातीला वापरले तर गप्प बसू नका. कागद देतील त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मात्र वाचून सही करा.

आता काकांच्या मुलीचं लग्न खानापूरला आहे. यावेळी आम्ही इन्स्टा बघितलंच नाही, एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवा म्हटलं. दोघांनी टाळलं. तिसऱ्यानं हार्ड डिस्क लावून सातशे फोटो दाखवले, त्यात हललेले, डोळे मिटलेलेपण होते. कोण येणार, फोटो किती दिवसात देणार, कॉपी किती ठिकाणी ठेवणार हे कागदावर लिहून दिलं, आणि काकांनी विचारायच्या आत कॅमेऱ्याची कडेची झाकणी उघडून आतली दोन्ही कार्डं दाखवली. काकांनी तिथंच ऍडव्हान्स दिला आणि पावती घेतली.