घरचा वायफाय प्रिंटर: छपाई झकास, जोडणी रुसकी

छपाईला नावं ठेवायला जागा नाही. रडगाणं आहे ते ‘ऑफलाइन’चं, म्हणजे प्रिंटर सुरू असूनही कॉम्प्युटरला न सापडण्याचं. प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो, ५चं नाही, म्हणून राउटरवर २.४ आणि ५च्या वायफायची नावं वेगळी ठेवा आणि प्रिंटर २.४ला जोडा. नागपुरात उन्हाळ्यात लाईन गेली, की राउटर परत सुरू होताना प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊ शकतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. उपाय: राउटरच्या डीएचसीपी यादीत (कुणाला कोणता आयपी दिला, त्या यादीत) प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) शोधून त्याच्यासाठी एकच आयपी राखून ठेवा. मग विंडोजमध्ये डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी (विंडोज प्रिंटर आपोआप शोधून जोडतं, तो) त्याच आयपीचा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट जोडा. बहुतेकदा एवढ्यात भागतं. राउटर आणि प्रिंटरच्या मधे कूलर नको. पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल खातात. पाचपैकी साडेतीन. इथरनेट पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) असता, तर चार दिले असते.